न थांबता सात फेऱ्या

वाचकहो, गेल्या महिन्यात आम्हांस एका घरगुती खटल्यात पंच म्हणून बसावे लागले. आमचे धाकटे बंधू बडोद्यास राहतात. त्यांचे चिरंजीव यंदा नववीत आहेत, आणि घरात दूरचित्रवाणीस जोडलेले, मोटारींच्या शर्यती खेळावयाचे एक यंत्र आहे. रविवारी दुपारी आम्ही पाय धुऊन बसतो न बसतो तोच बंधूंनी फिर्याद मांडली. मुलगा तासन् तास खेळतो, हरला की आदळआपट करतो, जेवावयास तीन हाका माराव्या लागतात. "दादा, तुम्ही आलाच आहात तर निकाल द्या. माझ्या मते हे यंत्र विकून टाकावे." आरोपी शांतपणे म्हणाला, "काका, आधी एक शर्यत बघा, मग काय ते सांगा."

न्यायाच्या दृष्टीने ही मागणी रास्त होती. आम्ही खुर्ची पुढे ओढली.

खेळाचे नाव ग्रान तुरिस्मो. काझुनोरी यामाउची या जपानी गृहस्थांनी तो रचला. पहिला भाग 1997 साली निघाला व सातवा 2022 साली. यातील बहुतेक मोटारी काल्पनिक नसून कारखान्यातून खरोखर बाहेर पडलेल्या मोटारींच्या प्रतिकृती आहेत. मार्गही पुष्कळसे खरे. चिरंजीवांनी निवडला होता फ्रान्समधील ल माँचा मार्ग, जेथे 1923 पासून चोवीस तासांची प्रसिद्ध शर्यत होत आली आहे. एक फेरी 13.626 किलोमीटरची. त्यांनी सात फेऱ्या ठरविल्या होत्या, म्हणजे सुमारे 95 किलोमीटर. इंधन किती पटीने खर्च व्हावे हेही खेळात ठरविता येते, तेही त्यांनी मुद्दाम चढेच ठेवले होते. प्रतिस्पर्धी सारे पेट्रोलवाले. स्वतः मात्र ते बसले होते पोर्शे कंपनीच्या टायकान नावाच्या, निव्वळ विजेवर चालणाऱ्या मोटारीत.

"ते पेट्रोल भरायला थांबतील, मी थांबणार नाही," अशी त्यांची मसलत होती.

मसलत वाईट नव्हती, पण ती पार पडली नाही. पहिल्या तीन फेऱ्यांत गाडी बाणासारखी सुटली आणि सर्वांच्या पुढे गेली. सहाव्या फेरीत बॅटरीचा आकडा शून्यावर आला, गाडी बैलगाडीच्या चालीने रखडू लागली, आणि मागून एकामागून एक सारे निघून गेले. हातातील कंट्रोलर गादीवर आदळला. बंधूंनी आमच्याकडे पाहिले. त्या क्षणी फिर्यादीची बाजू जड होती, हे कबूल केले पाहिजे.

परंतु आमचे मन त्या आकड्यात गुंतले. तीन फेऱ्यांत इतकी वीज गेली कोठे? वाऱ्याविरुद्ध सायकल मारीत बाजारास जाणाऱ्या कोणासही याचे उत्तर अर्धेअधिक ठाऊक असते. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. तेवढेच अंतर तोडावयास, हवेपुरता हिशेब केला तर, चौपट शक्ती वेचावी लागते. ल माँच्या लांब सरळ रस्त्यावर शेवटचे वीस-तीस किलोमीटर वेग वाढविण्यासाठी जी किंमत मोजावी लागते, ती सावकाराच्या व्याजासारखी असते. शिवाय ही मोटार जड, सुमारे 2300 किलो वजनाची. पेट्रोलची गाडी टाकी रिकामी होत जाईल तशी हलकी होते. बॅटरी रिकामी झाली तरी रतिभर हलकी होत नाही. तो भार वळणावळणाला टायरांनी सोसावयाचा.

तेव्हा आम्ही पुतण्यास व्हॅलेन्सियाची हकीकत सांगितली. फॉर्म्युला ई या नावाने केवळ विजेच्या मोटारींची शर्यत 2014 पासून जगभर भरते. प्रारंभीच्या चार मोसमांत बॅटरी शर्यतभर पुरत नसे, म्हणून चालक अर्ध्यावर उतरून दुसऱ्या भरलेल्या मोटारीत बसत, जसे पूर्वी टपालगाडीचे घोडे टप्प्यावर बदलीत तसे. पुढे बॅटऱ्या सुधारल्या आणि ही गंमत थांबली. 24 एप्रिल 2021 रोजी स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया येथे शर्यत होती. नियम असा की पंचेचाळीस मिनिटे भरल्यावर आणखी एक फेरी. अपघातांमुळे मार्ग सावरण्यासाठी संथ गाडी पुढे घालावी लागली की, त्या काळात प्रत्येक मिनिटामागे एक किलोवॅट-तास या हिशेबाने चालकांना वापरावयाची शक्ती कापली जाई. त्या दिवशी ती गाडी वारंवार आली आणि कापणी वाढत गेली. अंतोनियो फेलिक्स दा कोश्ता हा पोर्तुगीज चालक आघाडीवर होता. पंचेचाळीस मिनिटे भरण्यास काही सेकंद उरले असतानाच त्याने रेघ ओलांडली. किंचित उशिरा ओलांडली असती तर एकच फेरी उरली असती. आता दोन उरल्या. शेवटच्या फेरीत एकामागून एक मोटारी गळाल्या. दा कोश्ता मागे पडला, आणि निक द फ्रीस जिंकला. दा कोश्ता मंद नव्हता, तो लवकर पोहोचला, एवढाच त्याचा अपराध.

चिरंजीव गप्प राहून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे काका, ब्रेकच्या आधी बोट सोडायचं?"

अगदी तेच. वळण येण्यापूर्वी शंभर-दीडशे पावले शक्ती तोडावी आणि गाडीस तिच्या वेगावर वाहू द्यावे. विजेच्या मोटारीत ब्रेक लावताना मोटर उलट वीज निर्माण करून बॅटरीत घालते खरी, पण घातलेले सारे परत मिळत नाही. वाटेत उष्णता आपला वाटा घेते. म्हणून मुळात ब्रेक कमी लावणे हे अधिक किफायतीचे.

दुसऱ्या खेळास आरंभ झाला. पहिली फेरी संपली तेव्हा चिरंजीव सातवे होते, आणि दात ओठ खाऊन का होईना, सातवेच राहिले. आमची वहिनी चहा घेऊन आल्या आणि तेथेच उभ्या राहिल्या. तिसऱ्या फेरीनंतर पेट्रोलवाले एकेक करून इंधनाच्या थांब्यात वळू लागले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर वाचकांचा गैरसमज होईल. ल माँच्या खऱ्या शर्यतीत आजवर निव्वळ विजेच्या मोटारीने चोवीस तास काढलेले नाहीत. एक किलो पेट्रोलात सुमारे बारा किलोवॅट-तास शक्ती असते. एक किलो बॅटरीत पाव किलोवॅट-तासाच्या आसपास. पेट्रोलचे इंजिन दोनतृतीयांश शक्ती उष्णतेत घालविते आणि विजेची मोटर फारच थोडी, हे धरूनही तफावत मोठी राहते. निसान कंपनीने 2014 साली झेड-ई-ओ-डी नावाची मोटार तेथे आणली. पेट्रोल व वीज दोन्हींवर चालणाऱ्या त्या मोटारीने एक संपूर्ण फेरी केवळ विजेवर पुरी केली व ताशी 300 किलोमीटरचा वेगही गाठला. एक फेरी! प्रत्यक्ष शर्यतीत ती आरंभीच बंद पडली. तेथे विजेची मदत घेणाऱ्या मिश्र मोटारी 2012 पासून जिंकू लागल्या; एकटी वीज अद्याप नाही. पडद्यावर जे अर्ध्या तासात घडते ते खऱ्या रस्त्यावर घडावयास बॅटरीस अजून बराच पल्ला काटावयाचा आहे.

आमच्या हैदराबादच्या वाचकांनी मात्र याचा छोटा अवतार घराजवळ पाहिला आहे. 11 फेब्रुवारी 2023 रोजी हुसेनसागराच्या काठी, भारतात प्रथमच, फॉर्म्युला ईची शर्यत झाली. जाँ-एरिक व्हेर्न आघाडीवर होता आणि निक कॅसिडी त्याच्या पाठीस अगदी चिकटून. शेवटच्या फेऱ्यांत व्हेर्नपाशी शक्ती कमी उरली होती. तरी तो प्रत्येक वळणावर वाट अडवीत, जपून खर्च करीत, अर्ध्या सेकंदाहूनही कमी फरकाने जिंकला. तिसरा आला तो व्हॅलेन्सियाचा दा कोश्ता. पुढील वर्षीची तेथील शर्यत रद्द झाली, याची हळहळ अनेकांस वाटली असेल.

बडोद्याच्या दिवाणखान्यात सहावी फेरी संपली तेव्हा चिरंजीव तिसरे होते आणि बॅटरीत नऊ टक्के शिल्लक. लांब सरळ रस्त्यावर त्यांचे बोट दोनदा थरथरले. दाबावे की न दाबावे? त्यांनी दाबले नाही. शेवटच्या वळणाआधी दुसरा गडी समोर दिसू लागला, पण हाती आला नाही. चिरंजीव तिसरेच आले, एक टक्का राखून. कंट्रोलर या खेपेस हळूच मेजावर ठेवला गेला.

आम्ही निकाल दिला : यंत्र विकू नये, दिवसास एक तास, जेवणाची पहिली हाक हीच शेवटची. बंधूंनी तो मान्य केला, मात्र चेहऱ्यावर शंका होती. थोड्या वेळाने त्यांनी घसा खाकरून, "जरा मला बघू दे," म्हणत कंट्रोलर हाती घेतला. त्यांची बॅटरी चौथ्या फेरीत संपली. वहिनींनी जेवावयास पहिली हाक मारली, तेव्हा ते म्हणाले, "आलोच, एकच फेरी."