अकरा कोण ठरवणार?

पाऊस तोंडावर आला, शाहू स्टेडियमवरचा शेवटचा सामना झाला, पोलिसांनी आपले बांबू आणि दोर आवरले, तरी कोल्हापुरातला फुटबॉल थांबत नाही. तो मैदानातून उठतो आणि कट्ट्यावर जाऊन बसतो. तिथे पंच नाही, शिट्टी नाही, नव्वद मिनिटांचं बंधन नाही. विषय मात्र दरवर्षी एकच: पुढच्या हंगामाला आपला कोच कोण?

ज्याचा संघ जिंकला, त्या पेठेत ही चर्चा गुलालासकट पार पडते. ज्याचा हरला, तिथे ती श्रावणापर्यंत चालते. "भावा, मधल्या फळीत नुसतं खिंडार पडलंय, आणि ह्यो बाहेर उभा राहून पाणी पितोय." "मग कुणाला आणायचं म्हणतोस?" मग नावं निघतात. पंधरा वर्षांपूर्वी अमुक सामन्यात अमुक गोल मारणारा पेठेतला जुना फॉरवर्ड निघतो. त्या गोलाची लांबी दर वर्षी दोन-चार यार्डांनी वाढलेली असते. परवाना घेऊन आलेला, शाळेच्या संघांना शिकवणारा एखादा अबोल मास्तर निघतो. कधी समोरच्या तालमीशी बिनसलेला माणूसही निघतो. पण कुणाचंही नाव निघालं, की पहिला प्रश्न त्याच्या परवान्याचा नसतो, त्याच्या पद्धतीचाही नसतो. "त्यो आपल्यातला हाय का?" हा असतो.

हा प्रश्न गावंढळ म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. कोल्हापूरचा फुटबॉल पेठेच्या निष्ठेवरच उभा राहिला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे आपल्या केएसएची, स्थापना १९४० सालची. छत्रपती घराण्याचा आश्रय तिला पहिल्यापासून. पण संघ उभे केले ते पेठांनी आणि तालमींनी. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, ऋणमुक्तेश्वर तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ: ही नावं वाचताना बाहेरच्या माणसाला फुटबॉलची यादी वाचतोय की कुस्तीच्या फडाची, असा प्रश्न पडावा. देशात क्रिकेटने इतर खेळांची मैदानं गिळली, त्या काळातही या शहरात साध्या साखळी सामन्याला गॅलरी भरली. ती भरली वर्गणीवर वाढलेल्या आपलेपणामुळे. त्यामुळे 'आपल्यातला' या शब्दाला इथे वजन आहे.

गंमत अशी, की हे वजन खेळाडूंच्या बाबतीत कधीच हलकं झालं. नायजेरियाचे खेळाडू पेठांच्या संघांत आले, गोव्याचे आले, मुंबईचे आले. पोरांनी त्यांना मिसळ खायला शिकवली आणि गोल केला की खांद्यावर घेतलं. बाहेरच्यांच्या संख्येला शेवटी केएसएलाच आवर घालावा लागला. गावातले खेळाडूही एका हंगामात या तालमीचे, दुसऱ्या हंगामात त्या तालमीचे. चार दिवस शिव्या बसतात, पाचव्या दिवशी सगळं सुरळीत. जर्सीच्या आतला माणूस बदलला तरी चालतो. बाहेर रेषेजवळ उभा राहणारा तेवढा पेठेतलाच हवा. का? तो पेठेचं ऐकेल म्हणून. कट्ट्यावर हे कुणी उघड बोलत नाही. या स्फुटाचा विषय तोच आहे.

तालमीत पूर्वी वस्ताद असे. कुणी कुणाशी लढायचं, कुणाला अजून वर्षभर मातीत घोळवायचं, कुणाला खासबागेत उतरवायचं, हे तो ठरवी. पैलवानाच्या खुराकाला पैसा देणारा आश्रयदाता मोठा असे, राजासुद्धा असे. पण डाव कुठला टाकायचा हे तो सांगायला जात नसे. पोराचा बाप तालमीच्या दारात उभा राहून 'आमच्या पोराला आधी लढवा' म्हणाला, तर त्याला परत पाठवण्याची धमक वस्तादात होती आणि ती पेठेला मान्य होती. पुढे त्याच तालमींतून फुटबॉल उभा राहिला, तेव्हा तालमीची ईर्षा मैदानात आली, गुलाल आला, हलगी आली, जिंकल्यावरची मिरवणूक आली. वस्तादाचा शब्द तेवढा लाल मातीतच राहिला.

आजच्या कोचची अवस्था पाहा. सामन्याच्या आदल्या रात्री अकरा नावं ठरवायला किती माणसं बसतात, हे प्रत्येक पेठेने आपापल्या मनाशी मोजावं. जर्सीवर ज्याचं नाव आहे तो बोलतो. मंडळाचे जुने पदाधिकारी बोलतात. चषक भरवणाऱ्या नेत्याच्या जवळचा कुणी बोलतो. सामना सुरू झाल्यावर गॅलरी बोलते, आणि गॅलरीचं बोलणं म्हणजे सूचना नसते, हुकूम असतो: "त्याला काढ! ह्याला घाल!" दहा मिनिटं हे चाललं की बदली खेळाडू उठून पाय मोकळे करायला लागतो. कोचने सांगितलं म्हणून, की गॅलरीने सांगितलं म्हणून, ते त्यालाही सांगता येणार नाही. संध्याकाळी हरलो, तर मात्र जबाबदार एकटा कोच.

पैसा वाढला तसं हे जास्तच झालं. केएसएच्या साखळीनंतर चषकांची रांग लागते: सतेज चषक, चंद्रकांत चषक, अटल चषक. दिवंगत आमदार चंद्रकांत जाधव स्वतः फुटबॉल खेळलेले होते, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. चषकाला नाव देणारा प्रत्येक जण चेंडूला पाय लावलेला असतो असं नाही. बक्षिसं मोठी झाली, खेळाडूंचं मानधन वाढलं, ते जमवणारे हात वाढले. ज्याने पैसा आणला त्याला निदान दोन जागांवर बोलायचा हक्क हवा, असं त्याला वाटतं. माणसाचा स्वभाव आहे. पण असे चार जण झाले की आठ जागा गेल्या. उरलेल्या तिघांवर कोचची प्रतिभा चालणार.

कट्ट्यावर मँचेस्टर युनायटेडचे झेंडे मिरवणारे भरपूर आहेत. त्यांना फर्ग्युसनची गोष्ट पाठ आहे: १९८६ साली आला, १९९० पर्यंत एक करंडक नाही, प्रेक्षकांनी त्याच्या विरोधात फलक झळकावला, तरी क्लबने त्याला ठेवला, आणि २०१३ मध्ये तो स्वतःहून गेला तेव्हा तेरा वेळा लीग जिंकून गेला. ही गोष्ट सांगणारेच दोन सामने हरल्यावर आपल्या तालमीच्या दारात जाऊन कोच बदला म्हणून बसतात. तेव्हा मँचेस्टर राहू दे. मुंबईचीच गोष्ट घेऊ, ती कमी माहीत आहे आणि जास्त बोचते.

खालिद जमील. आज भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून हे नाव सगळ्यांना कळलं. २००९ पासून २०१६ पर्यंत ते मुंबई एफसी या क्लबचे प्रशिक्षक होते. कूपरेजवर खेळणारा, खिशात फारसं काही नसलेला क्लब. आय-लीगमध्ये करंडक कधी जिंकला नाही, पण दर वर्षी तळात बुडता बुडता वाचला. सात वर्षं वाचला. खेळ बघायला काही फार देखणा नव्हता. चेंडू लांब मारा, मागे भिंत उभी करा, एक गुण घेऊन घरी चला. अशा माणसाचा चाहत्यांना कंटाळा येतो. कोल्हापुरात तर दुसऱ्याच वर्षी आला असता. २०१६ मध्ये क्लब आणि ते वेगळे झाले. खालिद मिझोरामला, ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून त्याला परत घेतलं होतं. त्याच संघाने ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये बरोबरी साधली आणि मोहन बागानला मागे टाकून आय-लीग जिंकली. आणि मुंबई एफसी? त्याच हंगामात तळाला गेला, श्रेणीतून बाहेर पडला आणि पुढे बंदच झाला.

'बघा, माणूस चांगला होता' एवढाच निष्कर्ष यातून काढला तर आपण पुन्हा कट्ट्यावर येऊन बसलो. ऐझॉलने त्यांना नाव नसलेली, स्वस्तातली पोरं दिली आणि ती कशी वापरायची हे त्यांच्यावर सोडलं. मुंबईने ज्यांना सोडून दिलं होतं, तेही काही खेळाडू त्यांनी सोबत नेले. संघ त्यांचा होता. भारतीय संघाची खुर्ची मिळाल्यावर मात्र त्याच माणसाला चटके बसले: ऑगस्ट २०२५ मध्ये नेमणूक, सप्टेंबरमध्ये ताजिकिस्तानात ओमानवर पेनल्टींत विजय, ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरकडून हार आणि आशियाई करंडकाचा रस्ता बंद. क्लब वेळेवर खेळाडू सोडत नाहीत, हे रडगाणं त्यांच्या आधीच्या प्रशिक्षकांनीही गायलं होतं. माणूस तोच, हातात काय दिलं, त्यावर निकाल ठरला.

त्या नेमणुकीच्या वेळी दीडशेहून अधिक अर्ज आले होते. त्यांत बार्सिलोनाच्या झावीचं नाव आलं आणि दोन दिवस देशभरचे कट्टे पेटले: महासंघाला झावी परवडेल का, तो येईल का, त्याला तीन जणांची मधली फळी इथे जमेल का. पुढे तो अर्ज बनावट निघाला. पेप ग्वार्डिओलाच्या नावाचाही तसाच निघाला. हसण्यासारखं आहेच. पण आपण कोच निवडायला बसलो की नावाला किती भुलतो, याचं यापेक्षा चांगलं चित्र कुणी पोराने मुद्दाम काढायचं ठरवलं असतं तरी निघालं नसतं.

कोल्हापुराला या नावाच्या मोहाची किंमत कुठे मोजावी लागते? पोरांच्या बाबतीत. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आपला, कोल्हापूरचा. पण त्याची पुढची घडण पुण्यात झाली. त्याच्याआधी आणि नंतर या शहरात त्याच्या तोडीची पोरं नव्हती, असं कुणी म्हणणार नाही. पण ज्या कोचला येता रविवार जिंकायचाच आहे, तो सोळा वर्षांच्या पोराला कशाला उतरवेल? त्याने एक चूक केली, तर गॅलरी पोराला बोलेल आणि संध्याकाळी पेठ कोचला. बाहेरून आणलेला तयार गडी उतरवला की निदान दोष वाटला जातो.

कुणी म्हणेल, वर्गणी आमची, घाम आमच्या पोरांचा, मग आम्ही बोलायचं नाही? बोलायचंच. उलट, पेठेच्या चाहत्याइतका अधिकार युरोपातल्या चाहत्याला स्वप्नातही नाही. मँचेस्टरचा माणूस तिकीट काढतो आणि मालक अमेरिकेत बसलेले असतात. आपला कोच सकाळी त्याच गल्लीत दूध आणायला निघतो. त्याला अडवून जाब विचारता येतो, आणि विचारला जातो. मंडळाच्या बैठकीत उठून उभं राहता येतं. एवढं हातात असताना चाहता विचारतो काय, तर 'कोण?' ते कळलं की त्याचं समाधान. तो जुना फॉरवर्ड आला तरी, परवानाधारक मास्तर आला तरी, नोंदणीच्या वेळी खेळाडूंची यादी कुणी केली, कोच त्या खोलीत होता की त्याच्या हातात तयार यादी पडली, हे विचारायला कुणी जात नाही. एखाद्या देणगीदाराच्या भाच्याला त्याने बाकावर बसवलं तर मंडळ कोणाच्या मागे उभं राहणार, हेही हंगामाआधी विचारायचं असतं. सामना हरल्यावर विचारून उपयोग नाही.

आणि अबोल मास्तरांबद्दल दोन शब्द. डी परवान्यापासून सुरुवात करून सी, बी अशी पायरी चढणारे, स्वतःच्या खर्चाने शिबिरांना जाणारे, शाळांच्या मैदानावर उन्हात शिट्टी वाजवणारे लोक या जिल्ह्यात आहेत. ते दुसऱ्या पेठेचे असतील. असू देत. ज्या पेठेने नायजेरियाच्या फॉरवर्डला आपलं म्हटलं, तिला शेजारच्या गल्लीतल्या मास्तरला आपलं म्हणणं जड जाऊ नये. जड जातं, कारण त्याला पेठेतल्या कुणाचं देणं नसतं. त्याला आणायचं ते नेमकं त्यासाठी.

कोल्हापुरात प्रत्येक चौकात तालमीचा फळा आहे. त्यावर वाढदिवस लिहितात, श्रद्धांजली लिहितात, समोरच्या संघाला टोमणे लिहितात. कोल्हापुरी टोमण्याला तोड नाही, तो चालूच राहावा. या वर्षी नोंदणीच्या आधी त्या फळ्यावर मंडळाने एवढंच लिहावं: कोचचं नाव, त्याची मुदत निदान दोन हंगाम, आणि संघनिवडीचा अधिकार त्याचा एकट्याचा. खाली अध्यक्ष, सचिव आणि जर्सीवर ज्याचं नाव येणार आहे तो, अशा तिघांच्या सह्या. पहिले दोन सामने हरलो, तर तो फळा पुसायला कोण पुढे होतो, ते पेठेने उभं राहून बघावं.