माणसांचा व्हर्जन नंबर

मागच्या महिन्यात आमची टीम आउटिंग जव्हारला होती. तिथे रिसॉर्टवर एका वारली बाईंनी भिंतीवर चित्रं काढून दाखवली. सगळ्यांनी फोटो काढले. परत बसमध्ये चढताना आमच्यातला एकजण म्हणाला, "भारी आहे यार, पण हे लोक अजून व्हर्जन १.० वरच आहेत." बस हसली. मीही हसलो. (खोटं कशाला बोला?)

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. कारण तो नुसता विनोद नाही, ती एक अख्खी थिअरी आहे. सगळी माणसं एकाच रस्त्यावरून चालली आहेत, कोणी पुढे, कोणी मागे, आणि (योगायोगाने!) आपण नेमके पुढच्यांत. १९व्या शतकात भलेभले विद्वान हेच मानायचे. आधी रानटी, मग अर्धवट सुधारलेले, मग सुसंस्कृत. आणि ही थिअरी ज्याने मोडीत काढली तो कुठला आर्ट्सवाला नव्हता, फिजिक्सवाला होता. फ्रान्झ बोआस. अमेरिकन मानववंशशास्त्राचा बाप म्हणतात त्याला.

जन्म १८५८, जर्मनीतल्या मिंडेन गावी, ज्यू घरात. १८८१ मध्ये कील विद्यापीठातून पीएचडी, विषय काय तर पाण्याचा रंग! म्हणजे आपल्यासारखाच, मोजता येईल तेवढंच खरं मानणारा. १८८३ मध्ये हा गडी नकाशे करायला म्हणून आर्क्टिकमधल्या बॅफिन बेटावर गेला. तिथे वर्षभर इन्युइट लोकांबरोबर राहिला, त्यांचं कच्चं सीलचं मांस खाल्लं. डिसेंबरात एकदा उणे चाळीसच्याही खालच्या थंडीत सव्वीस तास चालत राहिला, आणि वाचला तो बरोबरच्या इन्युइट वाटाड्याच्या आणि पुढे आसरा देणाऱ्या घरांच्या जिवावर. शिवाय तो ज्यांचा नकाशा करायला गेला होता त्या लोकांनी शेकडो मैलांचा किनारा त्याला आठवणीतून कागदावर काढून दिला. आता सांगा, कोण १.० आणि कोण २.०?

तुम्ही म्हणाल, ठीक आहे रे, थंडीत त्यांना जास्त कळणारच, पण एकंदर बघितलं तर..? हे 'एकंदर' म्हणजेच खरा घोळ आहे. १८८७ मध्ये बोआसचं यावरून जोरदार भांडण झालं. वॉशिंग्टनच्या सरकारी म्युझियमचे ओटिस मेसन जगभरातल्या वस्तू प्रकारानुसार मांडायचे. सगळी धनुष्यं एका कपाटात, सगळे खुळखुळे दुसऱ्यात, ओबडधोबडपासून सफाईदारापर्यंत. बोआसने 'सायन्स' साप्ताहिकात लिहिलं की हे चूक आहे. खुळखुळा एके ठिकाणी पोराला रमवायला असेल आणि दुसरीकडे देवाला बोलवायला. दिसायला सारखे म्हणून एका रांगेत लावले तर ती रांग तुम्ही लावलेली असते, जगात ती नसते. वस्तू तिच्या माणसांमध्ये ठेवून बघा.

आपल्या भाषेत सांगायचं तर फंक्शनचं नाव सारखं आहे म्हणून दोन सिस्टिम्समधला कोड एकमेकांची जुनी-नवी आवृत्ती होत नाही. कॉलिंग कोड न वाचता असं कोणी रिव्ह्यूमध्ये म्हणालं तर आपण त्याला सोलून काढू. माणसांच्या बाबतीत मात्र बिनधास्त म्हणतो.

मला सगळ्यात जास्त लागलं ते त्याचं १८८९ चं लेखन. तेव्हा काही अभ्यासक म्हणायचे की 'मागास' भाषांमध्ये उच्चार पक्के नसतात, तोच शब्द आज एक आणि उद्या वेगळा ऐकू येतो. बोआसने काय केलं? स्वतःच्याच वह्या काढून तपासल्या. एकच एस्किमो शब्द त्याने स्वतः वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा लिहिला होता! म्हणजे अस्थिर त्यांची जीभ नव्हती, ऐकणाऱ्याचा कान होता. ओळखीचा नसलेला आवाज कान आपल्या ओळखीच्या खणात कोंबतो. बग समोरच्यात नाही, आपल्या इनपुटमध्ये आहे, हे जाहीर कबूल करायला हिंमत लागते राव.

आमच्या क्लायंट कॉलवर मी 'वेस्ट' म्हटलं की पलीकडून हमखास विचारतात, व्ही की डब्ल्यू? मला खरंच दोन्ही सारखेच ऐकू येतात. त्यावर पलीकडे हशा पिकतो तेव्हा माझं डोकं सणकतं. आणि मीच, हो मीच, मराठवाड्यातून आलेल्या आमच्या फ्रेशरच्या 'आनी-पानी'वर कॅन्टीनमध्ये हसलो आहे. त्याच्या बोलण्याला पक्का नियम आहे, फक्त तो माझ्या शाळेत शिकवला नव्हता. तो पोरगा आता मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. ऑनसाइटवाले आपल्याला हसतात तो वंशभेद आणि आपण हसतो ती गंमत, असं कसं चालेल?

असो. पुढे १९०८ नंतर अमेरिकन सरकारच्या कमिशनसाठी बोआसने जवळजवळ अठरा हजार स्थलांतरित आणि त्यांच्या मुलांची डोकी मोजली (शब्दशः, कॅलिपरने). कवटीचा आकार हा वंशाचा कायमचा शिक्का, असं तेव्हा समजत. याला दिसलं की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या कवट्या आईबापांपेक्षा थोड्या वेगळ्या आहेत. १९२८ मध्ये त्याने सगळा कच्चा डेटा छापून टाकला, अगदी ओपन सोर्स! त्यामुळेच २००२ आणि २००३ मध्ये दोन वेगळ्या टीम्सना तो नव्याने तपासता आला. एक म्हणाली फरक नगण्य, दुसरी म्हणाली बोआस मुख्य मुद्द्यात बरोबर. भांडा खुशाल, डेटा समोर आहे.

आणि हे काही लांबच्या अमेरिकेचं प्रकरण नाही. इकडे रिस्लेसाहेब नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावत होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, बोआसच्याच विभागात, त्याच्याच विद्यार्थ्याच्या, म्हणजे गोल्डनवायझरच्या सेमिनारमध्ये, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींवरचा निबंध वाचला. युरोपियन अभ्यासक वर्णाला नको तितकं महत्त्व देतात, जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, असं त्यांनी मांडलं. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या पुस्तकात नाकांच्या मोजमापाचेच आकडे वापरून बाबासाहेबांनी दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीतच. मोजपट्टी त्यांचीच, निकाल उलटा.

इथे थांबलो असतो तर छान 'हीरो' पोस्ट झाली असती. पण मग ती वाचूनही बसमधली सगळी मंडळी खूश झाली असती, म्हणून पुढचं.

१८९७ मध्ये बोआस न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये होता. त्याने रॉबर्ट पिअरीला सुचवलं होतं की ग्रीनलंडहून एखादा इन्युइट हिवाळाभर अभ्यासाला आणता आला तर बरं. पिअरीने सहा आणले. त्यांना म्युझियमच्या तळघरात ठेवलं. काही महिन्यांत चारजण आजारपणात गेले. एकजण परत गेला. उरला मिनिक, सहा-सात वर्षांचा. त्याच्या बापाचं, किसुकचं, दफन म्युझियमच्या आवारात त्याच्यासमोर झालं. फक्त कातड्यात गुंडाळलेलं होतं ते लाकडाचं ओंडकं. हाडं आत कपाटात गेली. मोठेपणी मिनिकला हे कळलं, त्याने बापाचा देह मागितला, म्युझियमने दिला नाही. १९०९ मध्ये वर्तमानपत्राने विचारलं तेव्हा बोआसला त्या खोट्या दफनात काही गैर वाटलं नव्हतं, पोराची समजूत काढायला केलं म्हणे.

बॅफिनच्या बर्फात जेवू घालणाऱ्या, जीव वाचवणाऱ्या लोकांचे हे भाऊबंद. कपाटातल्या खुळखुळ्याला त्याच्या माणसांमध्ये ठेवा म्हणून भांडणारा हाच माणूस. म्हणजे थिअरी बरोबर असून भागत नाही. समोरचा 'सँपल' झाला की बोआसचंसुद्धा असं होतं, मग तुमची-आमची काय कथा?

'त्या काळी असंच चालायचं' हे मला सांगू नका. हाच माणूस १९१९ मध्ये 'संशोधनाच्या नावाखाली हेरगिरी करणारे' आपल्याच क्षेत्रातले लोक आहेत असं छापून मोकळा झाला होता, आणि त्याच्याच संघटनेने २० विरुद्ध १० मतांनी त्याचा निषेध केला होता (तो मागे घेतला २००५ मध्ये!). सगळ्यांच्या विरोधात उभं राहायची धमक त्याच्यात होती. सात वर्षांच्या पोरासाठी मात्र ती वापरली गेली नाही.

मिनिक १९१८ च्या फ्लूमध्ये अमेरिकेतच वारला. किसुक आणि बाकी तिघांची हाडं ग्रीनलंडला परत गेली ती १९९३ मध्ये.

जव्हारच्या त्या बाईंचं नाव आमच्यापैकी कोणीच विचारलं नव्हतं. फोटो मात्र ग्रुपवर एकशेबारा आहेत.