धमन्या म्हणजे काही मोरीचे पाईप नव्हेत

आमच्या घराण्यात 'थोडीशी शुगर' असलेली माणसं दर दिवाळीला वाढताहेत, म्हणून हे लिहायला घेतलं. नातेवाईक मंडळींनी रागावू नये. (रागावलात तर फोन करा, कॉमेंटमध्ये भांडण नको :) )

मला चीड आहे ती एका उपमेची. 'धमन्यांत चुना साठलाय, सलाईनमधून औषध सोडून धुऊन काढू.' एका केलेशनवाल्या केंद्राने आत्याच्या यजमानांना हे पाईपचं चित्र काढून पटवलं आणि तीस सलाईनचे पैसे आगाऊ घेतले. वर दूधही बंद करायला लावलं!

अहो, मधुमेहातला हा चुना बऱ्याचदा नळीच्या आत नसतोच, तो भिंतीच्या मधल्या थरात असतो. म्योन्केबेर्गने १९०३ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. आणि तो नुसता साचत नाही. भिंतीतल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. शरीर तिथे चक्क हाड बांधायला घेतं. दूध सोडून ते काय थांबणार?

दुसरी बाजू तर कोणी सांगतच नाही. धमनीच्या अस्तराची डागडुजी करायला मदत करणाऱ्या पूर्वज पेशी अस्थिमज्जेतून रक्तात येत असतात. मोठ्या माणसांच्या रक्तातही अशा पेशी सापडतात हे आसाहारा आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. (त्या नेमक्या कोणत्या, यावर वाद पुष्कळ झाले, ते असो.) मधुमेहात या पेशींची संख्या घटते, मज्जा त्यांना नीट बाहेरच सोडत नाही. उलट इटलीत पादोव्हाच्या संशोधकांना २०११ मध्ये असं दिसलं की टाईप २ मधुमेहींच्या रक्तात चुना घालणाऱ्या पेशी मात्र जास्त असतात. म्हणजे गवंडी कामावर येईनात, आणि येतात ते भलतीकडेच प्लास्टर करून जातात.

केलेशनवाले २०१३ चा एक अमेरिकन अभ्यास नाचवतात. त्यात मधुमेहींना फायदा झाल्यासारखं दिसलं होतं, खरंय. म्हणूनच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या मधुमेहींवर तो प्रयोग पुन्हा केला. निकाल २०२४ मध्ये आला. रक्तातलं शिसं उतरलं, पण पुढचे अटॅक आणि मृत्यू काही कमी झाले नाहीत. हे त्या केंद्राच्या माहितीपत्रकात शोधून दाखवा!

'पण पायाचं प्रेशर तर उत्तम आलं' असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच. घोट्याच्या प्रेशरला दंडाच्या प्रेशरने भागून १.४ च्या वर आकडा आला, तर ती शाबासकी नव्हे. चुन्याने कडक झालेली धमनी पट्ट्याने दाबलीच जात नाही, म्हणून आकडा फुगतो. पायाच्या बोटांच्या धमन्या त्या मानाने कमी कडक होतात. तेव्हा अंगठ्याचं प्रेशर मोजून मागा. त्याचा पट्टा बोटभर असतो आणि सुई टोचावी लागत नाही.