हळदीची रांग आणि इंजिनिअरचे घड्याळ

उन्हाळ्यात हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात आवक वाढली की बाहेर ट्रॅक्टर-टेम्पोंची रांग लागते. ट्रॉलीवर ताडपत्री, तिच्याखाली हळदीची पोती आणि पोत्यांना टेकून डुलक्या घेणारा शेतकरी. त्याचा मुलगा नांदेडला इंजिनिअरिंग शिकत असेल आणि ‘पुढे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करतो’ म्हणाला, तर पहिला प्रश्न ठरलेला: ‘आपल्याकडं कारखाने कुठायत?’

आक्षेप बिनतोड वाटतो. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात चाकण किंवा वाळूज नाही, हे खरेच. पण शाखेच्या नावातल्या ‘इंडस्ट्रियल’ला अडून बसले की विषय हातचा जातो. माणसे, माल, यंत्रे आणि वेळ यांचा मेळ बसवणे, एवढाच तो विषय. हळद शिजवणे, वाळवणे, ढोलात पॉलिश करणे, पोती भरणे, बीट (लिलाव), वजन, हिशेब: यातल्या कुठल्याही दोन पायऱ्यांमध्ये माल पडून राहिला की या शाखेचे काम सुरू होते.

रांगेचेच घ्या. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगने 1909 मध्ये रांगांचे गणित मांडले, तेव्हा त्याच्यापुढे फोनचे कॉल होते. तेच गणित वजनकाट्यालाही लागू पडते. समजा, काटा एकच आहे, वाहने हवी तेव्हा येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त आहे. काट्याच्या क्षमतेच्या 80 टक्के वाहने येत असतील, तर काट्यावर आणि रांगेत मिळून सरासरी 4 वाहने असतात. प्रमाण 95 टक्क्यांवर गेले की 19. आवक पाचव्या हिश्श्याहूनही कमी वाढली, गर्दी मात्र जवळपास पाचपट! अशा वेळी दुसरा काटाच हवा असे नाही; गावांना वार ठरवून दिले तरी फरक पडू शकतो. कोणता उपाय स्वस्त, हे मोजून सांगणारा माणूस मात्र हवा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही विद्या हमालाच्या डोक्यावर घड्याळ धरते. याला इतिहासाचा आधार आहे. कामाचा वेळ मोजणाऱ्या टेलर या इंजिनिअरच्या स्टॉपवॉचविरुद्ध अमेरिकेतल्या वॉटरटाउन शस्त्रागारातल्या ओतकाम कामगारांनी 1911 मध्ये संप केला होता. पण त्याच काळात फ्रँक गिलब्रेथने गवंडीकामाचा अभ्यास केला. त्याने विटांचा ढीग जमिनीवरून उचलून गवंड्याच्या हाताच्या उंचीवर आणला आणि प्रत्येक विटेमागच्या 18 हालचाली 5 वर आल्या. गवंड्याचे वाकणे वाचले. पोते कुठून कुठे उचलायचे, किती उंचीवर थप्पी लावायची, हा हमालाच्या पाठीचाही प्रश्न आहे.

तिसरे म्हणणे असे, की त्यापेक्षा एमबीए बरे. पुरावा म्हणून पवईच्या ‘निटी’कडे बोट दाखवले जाते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या साहाय्याने 1963 मध्ये उभी राहिलेली ही नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ट्रेनिंग इन इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली. पाटी बदलली, पण पुरवठा साखळी आणि उत्पादन नियोजनाची गरज बदललेली नाही. शिवाय निर्णय घेणाऱ्या व्यवस्थापकाला गणित करून देणारा कुणीतरी लागतोच.

वाटही फार आडवळणाची नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतहून जवळच असलेल्या नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत प्रॉडक्शन इंजिनिअरिंगची शाखा आहे. ‘गेट’ या प्रवेश परीक्षेत प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर असतो. आयआयटी मुंबईत ऑपरेशन्स रिसर्चसह या विषयाचे एम.टेक. करता येते. ‘गेट’मार्फत पूर्णवेळ एम.टेक.ला गेलेल्या पात्र विद्यार्थ्याला दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळते. शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम लहान नाही. पुढे वाहन उद्योग, गोदामे, रुग्णालये, विमान कंपन्या, ऑनलाइन विक्रीचे जाळे अशी कामे आहेत. पहिली नोकरी बहुधा पुण्यातच लागेल, हे लपवण्यात अर्थ नाही.

तरी प्रबंधाचा विषय शोधायला पुण्याला जावे लागत नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या एखाद्या हंगामात प्रत्येक वाहनाच्या चिठ्ठीवर तीन वेळा नोंदवाव्यात: फाटकातून आत आल्याची, बीट झाल्याची आणि काट्यावरून उतरल्याची. दोन महिन्यांच्या अशा चिठ्ठ्या विद्यार्थ्याच्या टेबलावर आल्या, की रांग नेमकी कुठे तुंबते ते त्याला बापालाच दाखवता येईल.