अर्जातले 'अपत्य'

जन्माच्या दाखल्याचे भाषांतर करून घ्यायला लोक मराठीच्या शिक्षकाकडे का येतात, हे आम्हांला आरंभी उमगले नव्हते. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला शपथबद्ध भाषांतरकारच हवा असतो असे नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्या कोणीही 'भाषांतर पूर्ण व अचूक आहे' असे लिहून सही केली की भागते. गेल्या वर्षी असाच एक दाखला आमच्यापुढे आला. त्यातला 'बालकाचे नाव' हा रकाना कोरा होता. नोंद झाली तेव्हा बारसे व्हायचे होते, आणि पुढे नाव चढवून आणायचे राहून गेले. कोऱ्या रकान्याचे भाषांतर काय करावे, या विचारात आम्ही बराच वेळ घालवला.

दाखला ज्या मुलीचा, ती आमच्याच बारावीच्या वर्गात होती. आई लहानपणीच वारली. वडील अमेरिकेत गेले, यथावकाश तिथले नागरिक झाले. ती आजी-आजोबांपाशी वाढली. आता वडिलांनी तिच्या कायम निवासासाठी, म्हणजे ग्रीन कार्डासाठी, अर्ज केला होता. हा पहिला अर्ज, आय-130, वडिलांनी भरायचा आणि सहीही त्यांनीच करायची. ज्याच्यासाठी तो करायचा त्याला कायद्याच्या भाषेत 'लाभार्थी' म्हणतात. लाभार्थ्याची सही त्यावर नसते.

त्या कायद्यातल्या 'अपत्य' या शब्दाची व्याख्या साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावी. अपत्य म्हणजे एकवीस वर्षांखालील अविवाहित व्यक्ती. एकविसावे सरले, अथवा लग्न झाले, की तीच व्यक्ती 'अपत्य' उरत नाही. ती 'मुलगा' वा 'मुलगी' होते आणि वर्षानुवर्षांच्या रांगेत जाऊन उभी राहते. सावत्र मूलही अपत्यच, मात्र ते अठराचे होण्याआधी आईवडिलांचे लग्न लागलेले हवे. आपल्याकडे यास्काने 'अपत्य' शब्दाच्या दोन व्युत्पत्ती सुचवल्या आहेत: जे आपल्यापासून निघून दूर विस्तारते ते, किंवा ज्याच्यामुळे आपण पतन पावत नाही ते. पहिली व्युत्पत्ती मुलाकडून विचार करते, दुसरी बापाकडून. अर्ज भरणाऱ्या बहुतेकांच्या मनात दुसरी असते, असे आमचे निरीक्षण आहे.

या प्रक्रियेत दोन घड्याळे चालतात, आणि घोटाळा तिथेच होतो. पूर्वी निकाल येईतो मूल एकवीसचे झाले तर हक्क जाई. 2002 च्या कायद्याने नागरिकाच्या अपत्याचे वय अर्ज दाखल झाल्याच्या तारखेला गोठवले. ते घड्याळ थांबलेले असते. दुसरे घड्याळ अठराचे. ते थांबत नाही. 2000 साली संमत होऊन फेब्रुवारी 2001 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, नागरिकाचे अपत्य अठरा पूर्ण होण्याआधी कायम निवासी म्हणून अमेरिकेत दाखल झाले आणि त्या पालकाच्या कायदेशीर ताब्यात त्याच्याजवळ राहू लागले, तर ते आपोआप तिथले नागरिक बनते. वेगळा अर्ज नाही, परीक्षा नाही, हात वर करून घ्यायची शपथ नाही. विमानात भारतीय म्हणून झोपलेली मुलगी विमानतळावरच्या शिक्क्यानंतर दुसऱ्या देशाची नागरिक होऊ शकते.

आमच्या विद्यार्थिनीचा अठरावा वाढदिवस डिसेंबरात होता आणि बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. वडिलांनी डिसेंबर निवडला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत झाली, वैद्यकीय तपासणी आणि लसी झाल्या, आणि नोव्हेंबरात ती गेली.

आमचे म्हणणे असे, की हा निर्णय चुकला. वय गोठलेले होते; ती परीक्षा देऊन गेली असती तरी ग्रीन कार्ड तिला मिळालेच असते. फक्त नागरिकत्व आपोआप चिकटले नसते. पाच वर्षे तिथे राहून, तेविसाव्या वर्षी, हवे तर तिने स्वतः अर्ज केला असता, नको तर केला नसता. कायम निवास म्हणजे नागरिकत्वाची कनिष्ठ पायरी, असे आपल्याकडे सर्रास धरून चालतात. आम्हांला ती माणसाला विचार करायला दिलेली मुदत वाटते. गंमत अशी, की सावत्र अपत्याला ही मुदत न मागता मिळते, कारण दत्तक घेतल्यावाचून आपोआप नागरिकत्वाची तरतूद त्याला लागू होत नाही. कायद्याने ज्याला जरा दूर ठेवले, त्यालाच पुढे त्याची इच्छा विचारली जाते!

वडिलांची बाजू आम्ही फोनवर ऐकून घेतली, आणि ती उडवून लावण्याजोगी नव्हती. "सर, ग्रीन कार्डवाल्याला परत पाठवता येतं, सिटिझनला नाही," असे ते म्हणाले. खरे आहे. कायम निवाश्याला काही गुन्ह्यांपायी, किंवा दीर्घकाळ देशाबाहेर राहिल्यामुळे, तो हक्क गमवावा लागू शकतो. पंधरा वर्षे पोरीपासून दूर काढलेल्या माणसाला पुन्हा एक टांगती तलवार नको असणार. पण या देवघेवीत मुलीने काय दिले, त्याचा हिशेब त्यांनी मांडला नव्हता. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ओसीआय कार्डावर ये-जा करता येते. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमात परदेशी नागरिकत्व 'स्वेच्छेने' घेतल्याचा उल्लेख आहे. सतरा वर्षांच्या मुलीची त्या शिक्क्यातली स्वेच्छा कोणती, यावर वकील वाद घालोत. व्यवहारात तिला भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. आठव्या कलमात अज्ञान मुलांसाठी एक परतीची वाट आहे: सज्ञान झाल्यावर वर्षाच्या आत घोषणा करून नागरिकत्व परत घेण्याची. पण पालकांनी विधिवत घोषणा करून नागरिकत्व सोडले असेल तरच ती खुली असते, परदेशी नागरिकत्व घेतल्याने आपोआप गेले असेल तर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये स्पष्ट केले.

साहित्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्या परदेशस्थ लेखनात जाणारा माणूस जवळजवळ नेहमी प्रौढ असतो. त्याने जायचे ठरवलेले असते, आणि त्या ठरवण्याचाच सल पुढे लेखनाचे भांडवल होतो. तिथे जन्मलेली मुलेही लेखनात येतात. परंतु कोणीतरी मागवून घेतलेले, मिसरूड फुटू लागलेले पोर मराठीत आम्हांला क्वचितच भेटले. इतरत्र ते आहे. एडविज डँटिकॅट हैतीत काका-काकूंकडे वाढली आणि बाराव्या वर्षी न्यूयॉर्कला आईवडिलांकडे गेली. तिच्या 1994 सालच्या 'ब्रेथ, आइज, मेमरी' या कादंबरीतली सोफीही बाराव्या वर्षीच आईकडे पाठवली जाते. जिने वाढवले त्या मावशीला सोडून, जिला नीट ओळखतही नाही त्या आईकडे. कागदोपत्री हे कुटुंबाचे पुनर्मीलन. सोफीच्या लेखी ते काय होते, हे कळायला कादंबरीच वाचावी लागते. अर्जात आणि कादंबरीत विषय एकच, फरक इतकाच की कादंबरीत लाभार्थी बोलतो.

जाण्याआधी मुलगी भेटायला आली होती. आजोबांचे औषधपाणी कोण पाहील, हे तिने दोनदा सांगितले. अमेरिकेविषयी काही बोलली नाही. आम्हीही तिला विचारले नाही. दाखल्याच्या त्या रकान्यात अखेर आम्ही 'मूळ कागदात नोंद नाही' असे लिहिले होते. नाव चढवलेला नवा दाखला आजोबांनी ग्रामपंचायतीतून नंतर आणला.

आता भाषांतरासाठी येणाऱ्या पालकांना आम्ही दोन तारखा दोन वेगळ्या कागदांवर लिहून देतो, एक एकविसाची आणि एक अठराची. पुढच्या खेपेस मुलाला वा मुलीला बरोबर आणा, असेही सांगतो. बहुतेक जण एकटेच येतात.