आधी रान समजून घ्या, मग तोड ठरवा

शेतकरी बंधूंनो, संगणकाला विचारलं की लगेच उत्तर मिळतं, असं आपण ऐकतो. पण गावातला जाणकार माणूस लगेच उत्तर देतो का? तो आधी विचारतो, लागण कधीची? जमीन काळी की मुरमाड? शेवटचं पाणी कधी दिलं? सल्ला देणाऱ्या आज्ञावलीनेही हेच करायला हवे.

अमेरिकेत 1980 च्या दशकात कपाशीसाठी ‘कोमॅक्स’ ही तज्ज्ञ आज्ञावली तयार झाली. ‘गॉसिम’ हे कपाशीचे गणिती प्रतिरूप तिच्या जोडीला होते. हवामान, जमीन, पाणी, नत्र यांवरून झाड कसे वाढेल, हे गॉसिम आधी मांडी. त्यावरून पाणी-खताचा सल्ला कोमॅक्स देई.

आता आपल्या पुरुषोत्तमनगरच्या कारखाना परिसरातला ऊस घ्या. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा. प्रत्येकाची पक्वता निराळी. तोडलेला ऊस गाळपाला उशिरा गेला तर वजन घटते, साखरही उतरते. तोडच लांबली तर पुढच्या पिकाला रान मोकळे होत नाही. तेव्हा प्रश्न नुसता ‘कुणाचा ऊस आधी’ एवढाच नाही. पक्वता, तोडणी टोळ्या, वाहने आणि रोजचे गाळप यांची ती सांगड आहे. केवळ लागणीच्या तारखा लावून यादी काढणारी आज्ञावली म्हणजे भरभर लिहिणारा कारकून!

त्यात नोंदच चुकीची असेल तर? बांधावर न जाता लिहिलेली तारीख यंत्र खरीच मानणार, आणि नुकसान मात्र शेतकऱ्याचे होणार. राज्यात 2021 पासून ई-पीक पाहणी आहे, 2025 मध्ये शासनाने महाकृषी-एआय धोरणही मंजूर केले. म्हणजे हा विषय आता आपल्या दारात आला आहे.

म्हणून गावचे भाऊसाहेब, कृषी खात्याचे कर्मचारी आणि कारखान्याचा शेतकी विभाग यांना आमचे सांगणे आहे. आज्ञावली कोणत्या गोष्टी धरते, कोणत्या सोडते, हे सोप्या मराठीत लिहून ग्रामसभेत वाचा. चुकीची नोंद दुरुस्त करायची सोय ठेवा. ‘असं का?’ विचारलं तर कारण मिळालंच पाहिजे. 1970 च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठातली ‘मायसिन’ ही वैद्यकीय आज्ञावलीसुद्धा आपल्या सल्ल्याचे कारण सांगत असे.

आणि बंधूंनो, तुम्हीही आपली लागण, पाणी, खत वहीत टिपून ठेवा. उद्या यंत्राशी वाद घालायची वेळ आली, तर ती वहीच तुमचा साक्षीदार!