रणांगणावर बघायचं काय?

पानिपतला जाऊन आलेली बरीच मंडळी एकच तक्रार करतात, 'अहो, तिथे बघण्यासारखं काहीच नाही!' काला आंबला विटांचा एक स्तंभ आहे. ज्या आंब्यामुळे हे नाव पडलं, ते झाड केव्हाच गेलं. बाकी सपाट जमीन.

मला ही तक्रार पटत नाही. किल्ल्याला तट-बुरूज असतात, रणांगणाला असते फक्त जमीन. तीच बघायची असते. आणि गंमत म्हणजे कधीकधी तिला स्मारकच खाऊन टाकतं!

वॉटर्लूचंच बघा. तिथल्या सिंहाच्या टेकडीच्या २२६ पायऱ्या चढून पर्यटक फोटो काढतात. १८१५ च्या लढाईनंतर, १८२६ पर्यंत रचलेला हा ४० मीटर उंचीचा ढीग रणांगणाचीच माती उकरून केलेला आहे. वेलिंग्टनने ज्या उंचवट्याच्या आडोशाला सैन्य ठेवलं, त्याचाच काही भाग त्यात गेला. म्हणजे लढाई समजावून सांगणारा पुरावाच गायब!

याउलट फ्रान्समधलं व्हर्दां. तिथलं फ्लरी हे गाव १९१६ मध्ये तोफांनी पार पुसून टाकलं. ते पुन्हा वसवलं नाही. झाडीत खड्ड्यांनी भरलेली जमीन तशीच आहे, आणि मधूनमधून साध्या खुणा: इथे शाळा होती, इथे बेकरी होती. वस्ती शून्य, तरी गावाला अजून महापौर नेमतात. हे बघायला कुठल्याही पुतळ्याची गरज लागत नाही.

आता मुद्द्याचं. महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात पानिपतला स्मारक उभारण्याची घोषणा केली. चांगलंच आहे. पण नुसते घोड्यावरचे पुतळे आणि फुलझाडं नकोत. १४ जानेवारी १७६१ ला मराठे दक्षिणेकडे तोंड करून लढले, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत असतं? अब्दालीने ऑक्टोबर १७६० मध्ये बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. रसद तुटली, छावणी उपाशी पडली. घराची वाट शत्रूच्या फळीतूनच जात होती. डावीकडे इब्राहिमखान गारदी, मधे भाऊसाहेब आणि विश्वासराव, उजवीकडे शिंदे-होळकर. आणि हिवाळ्यातलं दुपारचं ऊन समोरून तोंडावर.

एक मोठा नकाशा, दिशा दाखवणारा बाण आणि जागोजागी चार पाट्या, एवढ्यावर हे सगळं माणसाला उभ्या उभ्या कळेल. प्रोग्राम कोसळला की आम्ही आधी लॉग बघतो, श्रद्धांजली नंतर. पानिपत 'झालं' असं आपण अडीचशे वर्षांहून जास्त काळ म्हणतोय. ते कसं झालं, हे तिथे गेलेल्या पोराला कळायला नको?

असो. पुतळे उभारा, पण दक्षिणेकडची नजर मोकळी ठेवा.